शनिवारचं कार्ड

हिरवा कुडता आता स्वरदाला काखेत काचायला लागला होता. जानेवारीत तो अंगाला नीट बसत होता; मे उजाडेपर्यंत खांद्यांत इतका आवळला, की गाडीत वरची कडी धरायला हात उचलला तर शिवण कुरकुरायची. पण शनिवारी दुसरं काही घालायची सोय नव्हती. कार्डावरच्या फोटोत ती याच कुडत्यात होती, केसांत पिवळा चाप लावलेली. वेंकटच्या लेखी शनिवारी येणारी मुलगी म्हणजे हिरवा कुडता आणि पिवळा चाप. मार्चमध्ये चाप तुटला, तेव्हा हुबेहूब तसाच मिळवण्यासाठी तिनं टी. नगरच्या बाजारातले सगळे ठेले पालथे घातले होते.

"आण इकडे, थोडा उसवून सैल करून देते," आई सकाळी म्हणाली होती.

"आत कापडच सोडलेलं नाही, आई. बघितलं मी."

"मग सोडून दे ना आता! एप्रिल संपला, सर्टिफिकेट हातात पडलं. बाकीच्या पोरी कधीच मोकळ्या झाल्या. तुझंच काय गं अडलंय?"

आईला फक्त कुडता दिसत होता.

खरी गोष्ट तिच्या फोनमध्ये होती. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेच्या उन्हाळी शिबिरात तिची निवड झाली होती. अकरावी झालेल्या मोजक्या मुलांना पाच आठवडे प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. अर्जाबरोबर तिनं कूवम नदीच्या काळ्या पाण्यात सापडलेल्या सूक्ष्मजीवांवर दोन पानं लिहून पाठवली होती. ती तिनं शाळेतल्या तडा गेलेल्या आरशाच्या सूक्ष्मदर्शकातून बघून लिहिली होती. बंगळूरच्या सूक्ष्मदर्शकात जिवंत पेशी रंगांत उजळलेली दिसते म्हणे. पुढच्या रविवारी सकाळची गाडी होती. बाबांनी तिकीट काढलं होतं, आईनं बॅग वरून खाली काढली होती. आणि तिरुवल्लिकेणीत वेंकटच्या घरी तिनं अजून अवाक्षर काढलेलं नव्हतं.

आज सांगायचं, असं ठरवून ती वेलचेरीच्या घरून निघाली. गेल्या शनिवारीही असंच ठरवून निघाली होती.

तिरुवल्लिकेणी स्टेशनावरून खाली उतरलं, की ऊन डोक्यावर हात ठेवल्यासारखं बसायचं. कत्तिरीचे दिवस, म्हणजे इथल्या उन्हाळ्यातले सगळ्यात कडक. एकट्या पुरुषांच्या मॅन्शनांच्या, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या इमारतींच्या, गॅलऱ्यांत लुंग्या वाळत होत्या. गल्लीच्या टोकाला वेंकटचं घर. बाहेर ओटा, ओट्याला लोखंडी जाळीचा दरवाजा, त्याला कुलूप. जाळीच्या आत वेंकट बसलेला दिसला. चौदा वर्षांचा, उंच, मिशीची रेघ फुटलेला. मांडीवर कार्डांची पट्टी.

"ये ग," वेंकटच्या आई, कनकामामी, किल्ली घेऊन आल्या. "जेवण झाल्यापासून बसला आहे तुजसाठीं. ऊन फार की. ताक देऊं?"

कुलूप उघडलं, ती आत गेली, कुलूप लागलं. मामींनी ते दोनदा ओढून पाहिलं. नेहमीच ओढायच्या. दोन वर्षांपूर्वी वेंकट एकटाच बाहेर पडला होता आणि मरीनाच्या किनाऱ्यावर कोळ्यांनी त्याला छातीभर पाण्यातून ओढून आणलं होतं. तेव्हापासून किल्ली मामींच्या कमरेला, मोठ्या सेफ्टी पिनेत अडकवलेली. पहिल्या दिवशी त्या कुलपाचा आवाज स्वरदाला ऐकूही आला नव्हता. हल्ली तो न चुकता ऐकू यायचा.

या घरात ती आली ती भाषेमुळे. तिच्या शाळेत अकरावीच्या मुलांचा एक गट होता, 'तोळमै' नावाचा. तमिळमध्ये तोळमै म्हणजे मैत्री. एप्रिल हा ऑटिझम जागृतीचा महिना, त्याची तयारी म्हणून पुनिता मिसनी एकेका विद्यार्थ्याला एकेका ऑटिस्टिक मुलाचा सोबती नेमलं होतं. वेंकटचं नाव आलं तेव्हा मिस अडखळल्या. "या घरात सगळे मराठी बोलतात. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, तंजावूरचे, पण मुलगा शिकला तो घरातलंच. तमिळ कळतं, पण ऐकून घेत नाही." मग त्यांची नजर वर्गावर फिरली. "स्वरदा! तू मराठी ना? सुपर! प्रश्नच मिटला."

तिला तेव्हा केवढा मान वाटला होता. ही बदली होऊ न शकणारी नेमणूक आहे, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तिला घरातलं निम्मंच बोलणं कळलं. शब्द मराठीच, पण जुन्या पोथीतून उठून आल्यासारखे, आणि चाल तमिळ.

"आमची मराठी ऐकून हसूं येतं का ग?" मामींनी विचारलं होतं.

"नाही हो काकू."

"काकू-बिकू नको. इथं सगळीं मामीच म्हणतात."

वेंकटचे आजोबा अनंतकृष्णराव, ज्यांना घरात सगळे ताता म्हणत, खुर्चीतून म्हणाले होते, "ही जाड मराठी आहे, तंजावरची. तुमची पुण्याची पाणी घालून पातळ केलेली."

"मी नाशिकची आहे, ताता."

"तेंच. तीहि पातळच."

मग आली कार्डं. वेंकटला पुढं काय होणार हे कळलं नाही की तो घाबरायचा, म्हणून एकेका गोष्टीचा फोटो काढून, प्लास्टिकमध्ये बंद करून, वेल्क्रोनं पट्टीवर लावायचा. गोष्ट झाली की ते कार्ड काढून 'झालं'च्या डब्यात टाकायचं. डबा जुना बिस्किटांचा. ही पद्धत पुनिता मिसनी शिकवली, पण वेंकटची शनिवारची पट्टी स्वरदानं एकटीनं केली आणि ती वर्गात सगळ्यांत नेटकी झाली. पहिलं कार्ड तिचं स्वतःचं. मग चपला. मग कोपऱ्यावरची विजेची पेटी. मग समुद्र, मग सुंडल, म्हणजे किनाऱ्यावर मिळणारे उकडलेले वाटाणे, मग घर.

विजेच्या पेटीपाशी वेंकट दर शनिवारी थांबायचा. पेटी गुणगुणायची, आणि तो हाताच्या अंतरावर उभा राहून तोच सूर घशातून काढायचा. स्वरदानं एकदा फोनवर मोजला होता. शंभर हर्ट्‌झ, जवळजवळ काटेकोर. शाळेत हे सांगितल्यावर मुलं "वॉव" म्हणाली होती.

दोन एप्रिलला मरीनावर सगळे निळे टी-शर्ट घालून चालले, हातात तमिळ आणि इंग्रजी फलक. वेंकट पुढच्या रांगेत, स्वरदाच्या शेजारी. त्या दिवसापुरता तिनं टी-शर्टावर हिरवा कुडता चढवला होता. माईकवर ती म्हणाली, "दिनक्रम हा या मुलांचा आधार असतो. पुढं काय आहे हे कळलं, की जग त्यांना राहण्यासारखं वाटतं." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. तातांनी तो कापून कपाटाच्या दाराला चिकटवला.

एप्रिल संपला. सर्टिफिकेटं वाटली गेली. गटातली बाकीची मुलं ज्या मुलांचे सोबती होती, ती मुलं शाळेतून, थेरपीच्या केंद्रातून आलेली. त्यांना दुसरी माणसं होती. वेंकटला शनिवारी एक कार्ड होतं, आणि कार्डावर ती होती.

एकदाच ती चुकली होती. तापानं फणफणली होती, मार्चमध्ये. मामींनी फोनवर फक्त "नीज ग, बरी हो" एवढंच सांगितलं. काय झालं ते पुढच्या वेळी तातांकडून कळलं. दिवे लागले तरी वेंकट जाळीपाशीच होता, आणि त्यानं आपल्या मनगटाला दात लावले होते. तो व्रण अजून दिसत होता. ती त्याच्या डाव्या बाजूनं चालायची, म्हणून तिला तर तो दर शनिवारी दिसायचा.

गेल्या शनिवारी तिनं शरण्याला सोबत आणलं होतं. शरण्या तिची जवळची मैत्रीण, गटातलीच, स्वभावानं गोड. हळूहळू सवय लावायची, मग आपण मागं सरायचं, असा तिचा हिशेब होता. शरण्याचं कार्डही करून आणलं होतं. वेंकटनं ते कार्ड पाहिलं, थेट 'झालं'च्या डब्यात टाकलं, मग शरण्याचं मनगट धरून तिला जाळीपाशी नेलं आणि मामी कुलूप काढेपर्यंत तिथं उभा राहिला.

"एय, मला बाहेर ठेवलं गं त्यानं!" शरण्या गल्लीत उभी राहून हसत सुटली. "दुधाच्या रिकाम्या पिशवीसारखं!" मग हसू आवरून म्हणाली, "सॉरी. पण तू आता काय करणार?"

आज वेंकट आणि स्वरदा चालून आले. पेटी झाली, समुद्र झाला, सुंडल झाले; वाटाण्यांवरचं खोबरं वेंकटनं आधी निवडून खाल्लं. सगळ्या वाटेत स्वरदानं वाक्य जुळवलं आणि घरी पोचेपर्यंत ते गिळलं. मामी झोपून उठल्या होत्या, गालावर उशीचा वळ होता. "छान झोंप लागली ग," त्या म्हणाल्या, आणि स्वरदाला पुन्हा तोंड उघडता आलं नाही.

वेंकटनं 'घर' डब्यात टाकलं. शेवटी, ती निघायच्या वेळी, तिचं कार्ड टाकलं. मग तो पाय धुवायला मागे गेला. मामी स्वयंपाकघरात होत्या, तातांचे डोळे मिटलेले.

स्वरदानं डब्यातून आपलं कार्ड काढलं आणि पिशवीत टाकलं.

हे तिनं भावनेच्या भरात केलं नाही. हा विचार गेल्या आठवड्यापासून तिच्या डोक्यात होता. घंटा वाजली नाही, तर प्रयोगातल्या कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटत नाही. त्या धड्यावर तिला पैकीच्या पैकी गुण होते. कार्ड दिसलं की वाट पाहणं सुरू होतं. कार्डच नसेल तर वाटही नसेल. आठवडा जाईल, शनिवार येईल, पट्टीवर तिची जागा रिकामी असेल, आणि तो चपला घालून मामींबरोबर निघेल. कुणाला काही सांगायला नको.

गाडीत तिनं ते बाहेर काढून पाहिलं. प्लास्टिकच्या एका कोपऱ्याला दातांच्या खुणा होत्या. त्या कधी पडल्या, तिला माहीत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी फोन आला.

"स्वरदा, तुझा तो फोटो आहे का ग फोनांत? हिरव्या कुडत्यातला?" मामींचा आवाज बसलेला होता. "कार्ड सापडत नाही. रविवारपासून घर उलथं केलं त्यानं. तांदळाचा डबा ओतला, तातांच्या गादीचा कापूस काढला. निजत नाही. मीहि नाही. तूं फोटो पाठव, मी खालीं दुकानांत छापून घेतें."

किती सोपं होतं. एक बटण दाबायचं. कुणाला कधी कळलं नसतं. नवीन कार्ड पट्टीवर गेलं असतं, आणि शनिवारी चार वाजता वेंकट पुन्हा जाळीपाशी बसला असता.

"मामी, मी उद्या येते," ती म्हणाली.

गुरुवारी ती साध्या पांढऱ्या टी-शर्टात गेली. मामींनी कुलूप काढलं. वेंकट जमिनीवर बसून बिस्किटांच्या डब्यातली कार्डं पुन्हा पुन्हा ओतत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. हिरवं काही नव्हतं, तर पाहायचं कशाला? तिनं कार्ड पुढं केलं. त्यानं ते घेतलं, चावलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, आणि पट्टीवर पहिल्या जागी दाबून बसवलं. घरभर एकदम शांतता झाली. मग तो उठला, तिचं मनगट धरून तिला जाळीपाशी घेऊन गेला.

"शनिवार," तो म्हणाला. तिला तो याच नावानं हाक मारायचा. पण आज ती हाक नव्हती. आज गुरुवार होता, आणि ती चुकीच्या दिवशी आली होती.

मामी तिच्याबरोबर बाहेर आल्या, बाहेरून कुलूप लावलं, आणि दोघी पायरीवर बसल्या.

"कुठं सापडलं?"

"माझ्या पिशवीत." स्वरदानं खाली पाहिलं. "पडलं नव्हतं, मामी. मी घेतलं होतं."

मग तिनं सगळं सांगितलं. बंगळूर, रविवारची गाडी, घंटा आणि कुत्रा सुद्धा. गल्लीतून एक पाण्याची गाडी ठिबकत गेली.

"पांच शनिवार," मामी म्हणाल्या.

"हो."

"आणि पुढें?"

"बारावी. क्लास शनिवार-रविवारचेच आहेत."

"त्यापुढें कॉलेज. दुसऱ्या गांवीं."

स्वरदानं मान हलवली.

"तूं चोरटी आहेस ग," मामी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "चार दिवस मी माझ्या पोराच्या हाताला फडकीं बांधलीं. तूं मज विचारलं असतंस तर काय झालं असतं? मी तुज धरून ठेवलं असतं का?"

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलंच असतं. मग?" मामींनी कमरेची पिन उगाच चाचपली. "तुम्हीं पोरांनीं त्यास शिकवलं, हें होणार, मग हें होणार, मग हें. 'नाही होणार' याचं कार्ड कोणींच केलं नाही. आज पाऊस, समुद्र नाही. आज ताप, स्वरदा नाही. तें आधीं शिकवायचं असतं."

"मिसच्या पुस्तकात होतं ते," स्वरदा पुटपुटली. "फलकावर बसणारं नव्हतं, म्हणून आम्ही…"

"मज तर पुस्तकाशिवाय ठाऊक होतं." मामींनी पदरानं मान पुसली. "मीहि नाही केलं. चाललं आहे तोंवर चालूं दे म्हटलं. शनिवारीं तूं त्यास नेत होतीस, तेव्हां मी निजत होतें. आठवड्यांत तेवढीच दिवसाची झोंप. म्हणून तुज कधीं विचारलं नाही, तुझी परीक्षा केव्हां, तुज कुठं जायचं आहे का. विचारलं नाही, म्हणजे तुज सांगायला नको."

आत वेंकटनं गुणगुणायला सुरुवात केली होती.

"शनिवारीं ये," मामी म्हणाल्या. "तूं गांवांत आहेस तोंवर एकदां करून पाहूं. त्याच्यासमोर नको. तो न्हाणींत असेल तेव्हां ये आणि मागच्या खोलींत बस. मी आणि ताता त्यास नेतों. अगदींच आवरला नाही, तर मी हाक मारीन. नाही मारली, तर काय वाटेल तें ऐकूं आलं तरी दार उघडायचं नाही. एकदां उघडलंस, तर आरडलं की तूं येतेस, एवढंच शिकेल तो."

हे स्वरदाला धड्यातूनही ठाऊक होतं. फक्त धड्यात ती दाराच्या कोणत्या बाजूला असेल, ते लिहिलेलं नव्हतं.

शनिवारी तिनं हिरवा कुडता घातला नाही, पण पिशवीत घेतला. हाक आलीच तर लागेल.

मागची खोली म्हणजे कोठीच. तांदळाची पोती, वापरात नसलेला रगडा, वर एक गजांची झडप. पंखा होता, पण त्याचा खडखडाट बाहेर ऐकू गेला असता, म्हणून तो लावायचा नव्हता. मामींनी दार लोटलं, आणि तिनं आतून कडी घातली. थोड्या वेळानं घाम भुवयांवरून उतरून डोळ्यांत चुरचुरू लागला. रुमाल पिशवीत होता. चेन उघडल्याचा आवाज होईल, म्हणून तिनं टी-शर्टाच्या बाहीला डोळे पुसले.

वेंकट आला, बसला. मामींचा आवाज, अगदी सपाट, ठरवून सपाट केलेला: "वेंकट, हें बघ. स्वरदा. आज स्वरदा नाही." 'नाही'चं, लाल प्लास्टिकच्या फुलीचं कार्ड मामींनी एका जुन्या फाईलचं वेष्टण कापून केलं होतं. ते फोटोवर चिकटवल्याचा आवाज स्वरदाला ऐकू आला; वेल्क्रोवर वेल्क्रो. पाठोपाठ ते उपटल्याचा.

"आज स्वरदा नाही." चिकटवलं.

उपटलं.

"आज स्वरदा नाही. चपला. अम्मा. ताता. समुद्र."

मग तो ओरडला. तिनं त्याला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. शनिवारी त्याला ओरडायचं कारणच नसायचं. काहीतरी धातूचं फरशीवर आपटून घरंगळत गेलं. डबा असावा. मग भिंतीवर धप, पुन्हा धप. तातांचा कापरा आवाज, "डोकं, कनका, डोकं धर त्याचं!" आणि त्या सगळ्याच्या वरून, फाटलेल्या आवाजात, "शनिवार! शनिवार! शनिवार!"

स्वरदाचा हात कडीवर होता. केव्हा गेला, तिला कळलं नव्हतं. कडी घामानं निसरडी झाली होती. दुसऱ्या हातानं तिनं पिशवीवरूनच आतला कुडता घट्ट धरला होता. तो घालायला कितीसा वेळ लागला असता? चाप लावायचा, दार उघडायचं, आणि सगळं थांबलं असतं. तिच्या हातात होतं, एका क्षणात थांबवणं. हेच तर मोठं कठीण होतं. बंगळूर, गाडी, रंगांत उजळलेली पेशी, काही काही आठवत नव्हतं. फक्त त्या मनगटावरचा जुना व्रण डोळ्यांपुढं होता.

हाक मारा ना मामी, ती मनातल्या मनात म्हणत राहिली. मारा ना एकदा.

मामींनी हाक मारली नाही. त्या एकच वाक्य म्हणत होत्या, न वाढवता, न कमी करता. मधेच त्यांचा आवाज चिरला, त्यांनी खाकरून पुन्हा तो सपाट केला.

किती वेळ गेला ते स्वरदानं पाहिलं नाही. धपधप विरळ झाली. हुंदके आले, लांब, ओले. मग काहीच नाही. आणि मग त्या शांततेतून एक सूर उठला. कापरा, चढा, पेटीच्या सुरापेक्षा बराच वर. तो घसरला, तुटला, पुन्हा लागला. दाराला कान लावून ती ऐकत राहिली. सूर थोडा खाली आला. आणखी थोडा. तिला मोजायला फोन लागला नाही. तो जागेवर येऊन स्थिरावला, तेव्हा तिला कळलं.

त्यानं पेटी घरातच आणली होती. तिच्याशिवाय.

चपलांचा आवाज. तातांची काठी. जाळी वाजली, कुलूप लागलं, आणि ते दोनदा ओढलं गेलं. पावलं गल्लीत विरली.

ती बाहेर आली. ओट्यावर डबा उपडा पडला होता, कार्डं विखुरलेली. भिंतीवर, तिच्या खांद्याच्या उंचीला, एक ओलसर डाग होता. पट्टी नव्हती, तो घेऊन गेला होता. ती जाळीपाशी गेली आणि सहज कडी ओढली. अर्थात. मामींनी सवयीनं कुलूप लावलं होतं, आणि किल्ली समुद्राकडे गेली होती.

गजरे विकणारी एक बाई डोक्यावर टोपली घेऊन थबकली. "कनका नाही का घरात?" तिनं तमिळमध्ये विचारलं.

"बाहेर गेल्यात."

"मग तू?"

"मी आतच आहे."

"चावी?"

"त्यांच्याकडे."

"बरी कोंडली तुला!" बाई हसली, आणि मोगऱ्याचा वास मागे ठेवून पुढं गेली.

स्वरदा ओट्यावर बसली, नेमकी वेंकटच्या जागी, कारण गल्लीचं टोक फक्त तिथूनच दिसत होतं. पंखा लावावा असं तिला सुचलंही नाही. ते येताना दिसले की आत जायचं होतं, म्हणून तिला नजर हटवता येईना. प्रत्येक उंच सावली वेंकटची वाटायची आणि दुसऱ्याच कुणाची निघायची. जाळीच्या एका सळईवरचा रंग घासून गेलेला होता, तिथं लोखंड गुळगुळीत लागत होतं. आपण ती सळई हातात धरून बसलो आहोत, हे तिच्या बऱ्याच वेळानं ध्यानात आलं.

ते दिसले, तेव्हा ऊन उतरलं होतं. ती पळत कोठीत गेली.

थोड्या वेळानं पाणी ओतल्याचा आवाज आला, पाय धुतल्याचा. कोठीचं दार वाजलं. मामी. केस सुटलेले, हाताच्या पाठीवर ताजा ओरखडा.

"समुद्रापर्यंत गेला?" स्वरदानं कुजबुजत विचारलं.

"गेला. पेटीपाशीं फार वेळ उभा राहिला. समुद्रापाशीं रडला थोडा. मग सुंडलवाल्यानं सवयीनं दोन पुड्या बांधल्या."

"मग?"

"दोन्हीं खाल्ल्या." मामींच्या ओठांचा कोपरा हलला. "तुझीहि."

दोघी पाय न वाजवता जाळीपाशी आल्या. मामींनी किल्ली फिरवली. स्वरदा बाहेर पडली, पायरीवर वळली. काय म्हणायचं ते तिनं कोठीत जुळवलं होतं, पण ते आता उपयोगाचं नव्हतं.

"तुम्ही आज झोपला नाहीत, मामी."

"रात्रीं निजेन की." मामींनी दोघींमधली जाळी ओढून घेतली. "पुढल्या शनिवारीं पुन्हा असाच आरडेल. मग त्यापुढल्या. तुज कळवणार नाही मी, तूं विचारूं नको. परत आलीस की आधीं फोन कर, एकदम येऊं नको. मज ती फुली काढावी लागेल. आणि हा हिरवा कुडता आणूं नको. नवा फोटो काढूं, तुझ्या मापाच्या कपड्यांत."

आतून वेंकटचं काहीतरी लांबवलेलं ओरडणं आलं. मामींनी तिकडं मान वळवली, पण हात थांबले नाहीत. कुलूप लागलं. सळयांमधून दोन बोटं बाहेर आली आणि ते ओढून पाहिलं. स्वरदा गल्लीत उभी राहून दुसऱ्यांदा ओढलेलं ऐकू यायची वाट पाहत राहिली. ते ऐकू आल्यावरच तिनं स्टेशनाची वाट धरली.